तिसरी नापास खेमसिंग अन् बासष्ट पोट्टे

महागावच्या वरच्या अंगाले, नाल्याच्या काठानं आडे आडनावाच्या बंजाऱ्यायचा तांडा हाये. त्या तांड्यातले दोन जनं नागपूरच्या कॉलेजच्या होस्टेलात राह्यले. एक रूपसिंग, जो शिकाले गेलता. दुसरा त्याचा मोठा भाऊ खेमसिंग, जो तिसरी नापास हाये. लोक रूपसिंगचं नाव घेतेत अन् खेमसिंगचं इसरतेत. हे काई बरोबर नाई, म्हनून ही गोठ.

खेमसिंग तिसरीत तीन साल बसला. बसला म्हंजे नावालेच, कारन बसनं हेच त्याले जमत नोतं. मास्तर म्हने का याच्या बुडाखाली इंगळ ठेवला हाये. छडी खाऊन खाऊन त्याचे हात बैलाच्या खांद्यावानी टनक झाले. एक दिवस त्यानं आपली पाटी मास्तराच्या टेबलावर नेऊन ठेवली अन् सांगतलं, "मास्तर, मले हे जमत नाई. उगाच तुमचा हात दुखते." थो तवापासून शाळेच्या आंगनात गेला नाई.

पन त्याले काईच येत नोतं असं कोनी म्हनन तं ते खोटं. त्याचा आजा जवानीत बैलायच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलुखभर फिरलेला मानूस. दोनशे बैलायचा तांडा कसा हाकलाचा, पानी कुठं सापडते, चालत्या वाटेवर शंभर मान्सायले कसं जेऊ घालाचं, हे सारं आजानं नातवाले शिकवलं. आजाचा एक कायदा होता. चूल पेटली का तिचा धूर ज्याले दिसला तो पाव्हना. अन् जो वाढते, तो सगळ्यायच्या मांगून जेवते. रेल्वे अन् मोटरीनं बैलायचं काम खाल्लं, आजा वावरात नांगर धरून मेला, पन कायदा खेमसिंगच्या हाडात राह्यला.

धाकटा रूपसिंग वेगळा. तो बसला का बसलाच. पुसदले मॅट्रिक झाला, तांड्यातला पयला. तांड्याच्या मुखियानं, नायकानं, नगारा वाजवला. मंग रूपसिंग नागपूरले सायन्स शिकाले गेला अन् खोली पाहाले गल्लोगल्ली फिरला. खोल्या लय होत्या. मालक आडनाव इचारे, गाव इचारे, मंग तांडा म्हनलं का खोली आताच कोनाले तरी देऊन टाकली असं सांगे. एका म्हातारीनं तं त्याले पानी पाजून, गोड बोलून हाकललं. सतरा दारं झाल्यावर कॉलेजच्या होस्टेलात जागा भेटली. म्हनून ते होस्टेल रूपसिंगसाठी निजाची जागा नोती, ते होस्टेल म्हंजेच कॉलेज होतं. होस्टेल गेलं का शिक्षन गेलं. हे दोघा भावायले पक्कं ठाऊक होतं.

खेमसिंग सनावाराले तिकडे चक्कर मारे. डोक्यावर गाठोडं, त्यात याडीनं, म्हंजे त्यायच्या मायनं, सोनीबाईनं केलेले लाडू, ठेसा अन् तुपाचा डबा. पयल्या खेपेले त्याले वाटलं का भाऊ राजावानी राहत असन. पाह्यलं तं एका खोलीत चार खाटा, चार पेट्या अन् ढेकनाची फौज. दर ऐतवारी पोट्टे खाटा उन्हात आपटत. बासष्ट पोट्ट्यायले दोन नळ, सकाळी बादल्यायची रांग अशी का मांगच्यानं आंघोळीची आशा सोडून पुस्तक उघडावं. एक चांगला कोट पुऱ्या मजल्यात मिळून होता, ज्याचा फोटो काढाचा असन त्यानं घालाचा. अन् घरून आलेला लाडू दुसऱ्या दिवशी पाह्यले भेटत नोता. डबा उघडला का खोलीतच काय, खालच्या मजल्यावरचे पोट्टे बी वासानं येत.

रूपसिंगच्या खोलीत मारेगावचा नानाजी होता, कापूसवाल्या कास्तकाराचा पोरगा, जाडा अन् हसतोंड्या. तो खेमसिंगले म्हने, "खेमभाऊ, तुमच्या याडीले सांगा, डब्यावर नाव माहंच टाकत जा. तसंही मीच खातो."

खेमसिंगले हे सारं आवडलं. म्हने हा तं तांडाच हाये, फक्त भिंतीचा.

बासष्ट सालच्या जानेवारीत एक हवा उठली. आठ ग्रह एका राशीत येनार, फेब्रुवारीच्या सुरवातीले जग बुडनार. गावोगावी होम झाले, भजनं बसली, कोनी दाढी करनं सोडलं, कोनी लगनं पुढं ढकलली. तांड्यात बी ही खबर बाजाराच्या दिवशी आली. सोनीबाईनं ऐकलं, चुलीतलं लाकूड मांगं ओढलं अन् खेमसिंगले सांगतलं का जाय, रूप्याले घेऊन ये. जग बुडनारच असन तं दोघं पोरं माह्या डोयापुढं पायजे. अन् तो आला नाई तं तू तिथंच राहाय. भाऊ एकटा बुडाले नाई पायजे.

खेमसिंग मोटरीत बसला. रूपसिंग काई यायले तयार झाला नाई. म्हने ग्रह ग्रहाच्या जागी राहतेत, माही प्रॅक्टिकलची परीक्षा जवळ आली. खेमसिंगनं गाठोडं खाटंखाली सरकवलं अन् म्हनला का ठीक हाये, मंग संगच बुडू.

जग काई बुडलं नाई. बुडली ते होस्टेलची खानावळ.

झालं असं का खानावळ चालवनारे सदाशिवराव दूर कोकनाकडचे. मानूस वाईट नोता, पन ग्रहाचं भेव त्याच्या पोटात शिरलं. मराचं तं घरच्यायच्या संग मरू, असं म्हनून तो आपले तीन आचारी घेऊन गावी गेला. आठ दिवसानं त्याचं पत्र आलं का आमी सारे वाचलो, पन आता इकडेच राहनार, तुमी तुमचं पाहा. कोठीत गहू होते, तुरीची डाळ होती, पन रांधनारं कोनी नोतं. पोट्टे चिवडा अन् चहावर दिवस काढून राह्यले होते. दोघं-चौघं हॉटेलातलं शिळं खाऊन आजारी पडले.

होस्टेलचे रेक्टर भगवानराव. उंच, काळी टोपी, बोलनं मोजून-मापून. कॉलेजात इतिहास शिकवत. त्यायनं साऱ्या पोट्ट्यायले मैदानात बोलावलं अन् सांगतलं का नवा आचारी उन्हाळ्यापयले भेटत नाई. उपाशी मुलं मी इथं ठेवू शकत नाही. सोमवारपासून होस्टेल बंद, ज्यानं त्यानं शहरात आपली सोय पाहावी, परीक्षेले तिकडूनच यावं.

बाकीच्यायचे काके होते, मामे होते, जातवाल्यायचे वाडे होते. रूपसिंगनं खाली मान घातली. खेमसिंग मांगं भिंतीले टेकून उभा होता, त्यानं ती मान पाह्यली. सतरा दारं त्याले बी आठवली. थो पुढं आला.

"सायेब, मी रांधतो."

रेक्टरनं इचारलं तुम्ही कोण. खेमसिंग म्हनला का रूपसिंगचा भाऊ, पाव्हना म्हनून आलो, जग बुडनार होतं म्हनून राह्यलो. पोट्टे हसले. रेक्टरनं इचारलं का बासष्ट मुलांचा स्वयंपाक कधी केला आहे का. खेमसिंगनं सांगतलं का बासष्ट म्हंजे आमच्या बारशाले असतेत, लगनाले त्याच्या दहा पट. पोळ्या मले येत नाई. रोडगे, वरन, वांग्याची भाजी येते. मले कोठीची किल्ली अन् मैदानाचा एक कोपरा द्या.

मांगून कोनीतरी म्हनलं का आता लमानाचं हॉटेल निघालं. रूपसिंगचे कान लाल झाले. खेमसिंगनं तिकडे पाह्यलं बी नाई. त्याले कामाच्या टायमाले राग येत नसे, राग त्याले रिकाम्या टायमाले येई. रेक्टरनं ऐतवारपर्यंत मुदत दिली, अन् हे झालं शुक्रवारी.

शनिवारी सकाळी खेमसिंगनं मैदानाच्या कोपऱ्यात चर खांदला, मानूसभर लांब, गुडघाभर खोल. वरन त्याच्यावर शिजनार. रोडग्यायले गवऱ्या पायजे होत्या. होस्टेलात झाडू मारनारी गंगी होती, अंगानं काटकी, तोंडानं तिखट. तिनं सांगतलं का मांगच्या गल्लीत गवळी राहतेत, त्यायच्याकडे गवऱ्यायचे ढीग हायेत, अन् स्वतः संग जाऊन दोन पाट्या डोक्यावर आनून देल्ल्या. चौकीदारानं कुदळ देल्ली. गेटवरच्या सायकल रिक्षावाल्यानं गव्हाचं पोतं चक्कीवर नेऊन देल्लं, पन चक्कीवर भल्ली रांग. दुपारपर्यंत एकच पोतं जाडंभरडं दळून आलं.

खेमसिंगनं पीठ घट्ट मळलं, तेल-मीठ घातलं, मुठीएवढे गोळे केले. एकशे तीस झाले. म्हने मानसी दोन, वर सहा. गवऱ्यायचा इस्तव पडला तसे गोळे त्यात पुरले, उलटपालट केले, राख झटकून एकेक फोडून पाह्यला. वांगे चुरचुरले, वरनाले लसनाची फोडनी बसली. तो वास होस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर गेला अन् पोट्टे पुस्तकं टाकून खाली उतरले.

आता इथं खेमसिंगची चूक झाली. ते चूक दुसऱ्या कोनाच्या हातून झालीच नसती.

त्यानं ताटं मांडाले सांगतलं, मोठा गोल करून. पंगत बसाच्या आंधी त्यानं चौफेर पाह्यलं, धूर कोनाकोनाले दिसला म्हनून. गंगी झाडू घेऊन उभी होती, तिले बसवलं. चौकीदाराले बसवलं. गवऱ्या देनारा गवळी अन् त्याचा म्हातारा बाप आले, त्यायले हाक मारून बसवलं. गेटवर चार रिक्षावाले धूर पाहत उभे होते, त्यायले हाका मारून बोलावलं. आठ पोट्टे ताटावरून उठले. झाडूवालीच्या पंगतीत आमी बसत नाई म्हने, अन् तुह्या हातचं बी खात नाई. खेमसिंगनं त्यायले अडवलं नाई. एवढंच म्हनला, "आमच्या चुलीले दार नसते. तुमाले जाता येते, त्यायले येता येते."

मंग नानाजीनं आपलं ताट उचललं अन् गंगीच्या शेजारी नेऊन ठेवलं. म्हने, "माय, तू कमी खात असशीन, तुह्याजवळ बसलं का फायदा हाये."

गंगीनं त्याच्या पोटाकडे पाह्यलं अन् म्हनली का बाप्पा, तुह्यापाशी बसून माहाच तोटा हाये. सारे हसले. जेवन सुरू झालं. खेमसिंगच्या हातात ओगराळं आलं का त्याले हिशेब सुचत नसे. घे रे घे रे करत तो तिसरा रोडगा बी टाकत गेला. रिक्षावाल्यायनं दिवसभर पायडल मारलेलं, ते चार चार खाऊन उठले.

अन् प्रॅक्टिकल आटपून अकरा पोट्टे कॉलेजातून आले तवा राखेत राखच होती. त्या अकरात रूपसिंग होता.

अकरा जनायले नुसतं वरन भेटलं. त्यातला एक रेक्टरकडे गेला. रेक्टर आले, रिकामी परात पाह्यली, गेटवर ढेकर देत बसलेले रिक्षावाले पाह्यले. त्यायनं आवाज चढवला नाई. सांगतलं का होस्टेलच्या धान्यावर आधी होस्टेलच्या मुलांचा हक्क आहे. उद्या संध्याकाळी मी स्वतः येईन. एकही मुलगा उपाशी राहिला, तर सोमवारी कुलूप. खेमसिंग म्हनला का सायेब, तुमचं बरोबर हाये, मी कमी रांधलं. रेक्टर म्हनले कमी रांधलं नाही, जास्त वाटलं. खेमसिंगनं थोडा इचार केला अन् म्हनला का नाई, कमीच रांधलं.

रूपसिंग खोलीत खाटंवर बसला होता. भाऊ आत आला तसा तो तांड्याच्या गोरबोलीत नाई, मराठीत बोलला, म्हंजे सगळ्या खोलीनं ऐकावं म्हनून बोलला.

"भिया, तू घरी जाय. तुह्यासाठी त्या रिक्षावाल्यायचं पोट मोठं झालं, माहं साल नाई. इथून निघालो तं मले या शहरात कोन दार उघडते?"

खेमसिंगले ते लागलं. छडीपरीस लागलं. थो दारातच उभा राह्यला. मंग म्हनला, "तू उपाशी हायेस म्हनून असं बोलून राह्यला. उद्या जेवल्यावर बोल, मंग जातो."

अन् थो बाहेर गेला. चौकीदाराच्या खोलीपाशी गंगी अन् रिक्षावाले अजून बसले होते. खेमसिंगनं त्यायले काईच मांगितलं नाई, जे झालं ते सांगतलं. म्हने माह्या हातून भावाचं ताट रिकामं राह्यलं. उद्या एक बी पोट्टा उपाशी राह्यला तं होस्टेल बंद. दोन पोते दळून पायजे अन् चक्कीवर तं रांग. पन तुमी उद्या बी या, कारन चूल उद्या बी पेटन. रिक्षावाले एकमेकाकडे पाहाले लागले. त्यायच्यातला एक उठला, गमछा झटकला अन् रिक्षा काढून गेला.

ऐतवारी उजाडाच्या वक्ताले गेटवर घंट्या वाजल्या. चार रिक्षे होते, चौघायनं आपल्या ओळखीचे आनखी तीन आनले होते. सात रिक्षे. रात्रीच चक्कीवाल्याच्या दारात त्यायनं नंबर लावला होता. दोन पोते गहू कोठीतून निघाले अन् चक्की उघडली तवा पयला नंबर होस्टेलचा लागला. गवळ्यानं गवऱ्यायची पुरी बंडी आनून रिकामी केली, म्हने बापानं पाठवल्या, काल त्याले तीस सालानं कोनी हाक मारून जेवाले बसवलं. चौकीदारानं दुसरा चर खांदला. दोन रिक्षावाले कॉटन मार्केटातून वांग्याची टोपली अन् कोथिंबिरीचे भारे घेऊन आले. गंगी पान्याच्या घागरी भरून राह्यली होती. ज्यायनं काल खाल्लं होतं ते सारे आले. एक बी जन चुकला नाई.

मळाले हात कमी पडत होते. खेमसिंग एकटा परातीवर वाकला होता. गंगी घागर घेऊन रूपसिंगच्या दारासमोरून गेली अन् उभी राह्यली. म्हनली, "तुहा भाऊ कालच्या सकाळपासून उपाशी हाये, ठाऊक हाये का तुले? वाढनारा मांगून जेवते म्हने. अन् मांगं काई उरलंच नाई."

रूपसिंगनं पुस्तक मिटलं नाई. ते उघडंच हातात घेऊन खाली आला, परातीजवळ इटंले टेकवून उभं केलं, बाह्या वर केल्या अन् पीठ मळाले बसला. खेमसिंगनं त्याच्याकडे पाह्यलं अन् एवढंच म्हनला का मूठ घट्ट धर, हे तुही कॉलेजची पेन नोय. मंग नानाजी आला. त्याच्या मांगून दहा आले, वीस आले. कोनी सूत्रं पाठ करत गोळे करे, कोनी इतिहासाच्या सना म्हनत. नानाजीचा गोळा एवढा मोठा झाला का गंगी म्हनली हा रोडगा हाये का जात्याची पाळ. दुपारपर्यंत दोनशे साठ गोळे झाले. खेमसिंगनं ते तीन ओळीत इस्तवात पुरले अन् काठी घेऊन चराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असा फिरे जसा आजा बैलायच्या रांगेतून फिरे. त्या दिवशी त्याले बस म्हनाची कोनाची हिम्मत नोती.

संध्याकाळी रेक्टर आले. हातात हजेरीचं पुस्तक. एकेकाचं नाव घेत अन् इचारत का जेवलास का. चोपन्न पोट्टे जेवले म्हनाले. आठ जनायनं सांगतलं का आमी इथं जेवत नाई, बाहेर जेवतो. रेक्टरनं चष्मा काढून पुसला अन् म्हनले का तो तुमचा प्रश्न, उपाशी तर नाही ना. मंग त्यायनं पाह्यलं का गंगी जेवली, सातही रिक्षावाले जेवले, गवळी बापलेक जेवले अन् परातीत अजून रोडगे होते.

"आणि तुम्ही?" त्यायनं खेमसिंगले इचारलं.

खेमसिंगनं पंगतीकडे पाह्यलं. शेवटचा पोट्टा हात धुऊन राह्यला होता. "आता," थो म्हनला, अन् दोन दिवसानं पयला घास घेतला.

रूपसिंग बाजूले येऊन बसला. खेमसिंगनं चावत चावत इचारलं, "जेवला? आता बोल. जाऊ का मी घरी?" रूपसिंगनं भावाच्या ताटात अजून एक रोडगा फोडला अन् वरून याडीच्या डब्यातलं शेवटचं तूप टाकलं. होस्टेलले कुलूप लागलं नाई.

त्यानंतर खेमसिंग तिथं दोन महिने राह्यला. रेक्टरनं खेमसिंगच्या खाटंची सोय केली, रूपसिंगच्या खोलीतल्या चौथ्या खाटंवरचा पोट्टा त्या आठातलाच होता अन् तो निघून गेलता. आठापैकी तिघं महिनाभरात वापस आले, एक दिवस चुपचाप ताट घेऊन बसले. खेमसिंगनं त्यायले बी तिसरा रोडगा टाकला. बाकीचे पाच कधीच आले नाई. लोकायले वाटते का गोठीत सारे शेवटी सुधरतेत. तसं नसते. खेमसिंग म्हने का ज्याले यायचं नाई त्याची वाट पाहाची नाई, पन चर बुजवाचा नाई.

त्या दोन महिन्यात थो होस्टेल शिकला. कोनता पोट्टा पेपराच्या आंधी ओकते, कोनाच्या घरून पत्र येत नाई, कोन खाटंखाली तोंड लपवून रडते, हे त्याले रेक्टरपरीस जादा ठाऊक होतं. सकाळी बादल्यायच्या रांगेत थो ज्यायचा पेपर असन त्यायले पुढं काढे. कोनी ऐकलं नाई तं ओगराळं दाखवे. मधून मधून पोळी पायजे अशी तक्रार येई. थो म्हने मी नापास मानूस हाये, मले एकच धडा येते. परीक्षेच्या शेवटच्या दिवशी थो रूपसिंगले कॉलेजच्या दारापर्यंत सोडाले गेला, दारातून वापस फिरला अन् चर बुजवून त्याच्यावर पानी शिंपडलं. आजा तळ सोडताना तसंच करे.

मंग दोघं भाऊ तांड्यात आले अन् निकालाची वाट पाहाले लागले. पेपर तांड्यात येत नोता. महागावले यायचा तो दोन दिवसानं, अन् त्यात बी कोनी भजे गुंडाळून टाके. सोनीबाई रोज इचारे का ते निकाल कोनत्या मोटरीनं येते.

जूनच्या पयल्या हप्त्यात नायकाच्या घरी लगन होतं. खेमसिंगचा चर पेटला होता, आता दोन मानूस लांब, कारन जेवनारे पाचशे. दुपारी सडकेवर मोटर थांबली अन् उतरून एक उंच, काळ्या टोपीचा मानूस वावरातून चालत येताना दिसला. रेक्टर भगवानराव. त्यायच्या साल्याचं लगन उमरखेडले होतं, वाटंत तांडा लागते हे त्यायले रूपसिंगनं कधीतरी सांगतलं होतं. घामानं सदरा भिजला होता, काखेत पेपराची घडी होती. लोक गोळा झाले. असा मोठा सायेब पायी चालत तांड्यात आला हेच कोनाले खरं वाटंना.

त्यायनं घडी उघडली, एका नंबराखाली शाईनं रेघ ओढली होती. रूपसिंगनं आपला नंबर पाह्यला, मंग परत पाह्यला, मंग पेपर खेमसिंगच्या हातात देल्ला. खेमसिंगले आकडे वाचता येत होते, तिसरीत तीन साल तेच केलं होतं. त्यानं बोट ठेवून एकेक आकडा वाचला. दुसऱ्या वर्गात पास. सोनीबाईनं पेपराले हात लावला अन् तोच हात कपाळाले लावला. नायकानं नगारेवाल्याले खूण केली.

नगारा थांबल्यावर नायकानं सायेबायले मानाच्या जागी, पयल्या पंगतीत बसाले सांगतलं. रेक्टर बसले नाई. त्यायनं टोपी काढून रूपसिंगजवळ देल्ली, बाह्या मांगं सारल्या अन् चराकडे चालत गेले.

"खेमसिंग, आज तुम्ही बसा. मी वाढतो. मी सगळ्यांच्या नंतर जेवीन."

 तांड्याबाहेरच्या मान्साले आमी कोर म्हनतो अन् स्वतःले गोर. अन् कोर मानूस तांड्याच्या चुलीवर उभा राहून गोरायले वाढते, हे आजाच्या आजानं बी पाह्यलं नोतं. नायकानं खेमसिंगकडे पाह्यलं. खेमसिंगनं ओगराळं हातात घट्ट धरलं होतं, देऊ का नाई असं. त्याचा चेहरा असा झाला का जसा कोनी त्याचा बैल मांगितला. मंग त्यानं ते पुढं केलं अन् पयल्यांदा, सगळ्यायच्या देखत, पयल्या पंगतीत भावाच्या शेजारी मांडी घालून बसला.

रेक्टर ओळीनं वाढत आले. नायकाले वाढलं, रूपसिंगले वाढलं, खेमसिंगच्या ताटाशी वाकले. खेमसिंगनं ताटातल्या वरनाकडे पाह्यलं. बसनं त्याले कधीच जमलं नाई, पन त्या दिवशी थो हलला नाई, फक्त बोलला.

"सायेब, तळापासून हलवा. वरचं पानी पानी वाढून राह्यले तुमी. मांगच्यायले दाट भेटन अन् पुढचे उपाशी राहतीन."

रेक्टर परत चराकडे गेले अन् दोन्ही हातानं पातेल्याच्या तळापासून वरन हलवाले लागले.